दादा म्हणजे कोण

(इनासमामा, वय पासष्टच्या आसपास, मूळचे वसईकडचे. मस्कतबाहेर माबेल्याला त्यांच्या मुलाच्या घरी तीन शुक्रवार बसून त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.)

माझं नाव इनास. आमची चर्चच्या मागं केळीची वाडी, विहीर एक आणि भाऊ पाच, मग ती वाडी कोणाकोणाला पुरणार, म्हणून मला धाकट्याला मिशनच्या शाळेत घातला, मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, आणि माझा मामा आफ्रिकेत शिंपी होता, पोलिसांचे युनिफॉर्म शिवायचा, त्यानं पत्र टाकलं की पाठवा पोराला, तसा एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसलो. समुद्रकाठचं गाव होतं. गावाचं नाव नको लिहू बाय. चूक माझी आहे, गावाची नाय.

देश नुकताच स्वतंत्र झालेला. गोरे साहेब एकेक करून विलायतेला चाललेले आणि ठाण्यात इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारा माणूस उरला नाय. मामानं मोठ्या साहेबाच्या कोटाचं माप घेता घेता माझं नाव त्याच्या कानावर घातलं, म्हणजे बघ, मी टेपच्या जिवावर पोलीस झालो. सब-इन्स्पेक्टर, पहिलं वर्ष कच्चा. युनिफॉर्म मामानंच शिवला, असा फिट्ट की बसताना जपून बसायचं. आणि युनिफॉर्म अंगात चढला की माणसाला वाटतं आपल्याला सगळं कळतं. मला काय कळत होतं? तिथली भाषा स्वाहिली, ती मला बाजारापुरती येत होती. भाव काय, नाव काय, इकडे ये, बस. एवढ्यावर मी लोकांचे जबाब लिहायचो. काय सांगू तुला, एवढ्यावर.

त्या दिवसांत बंदुका जमा करायचा हुकूम होता. एक अरबांचं घर होतं, ओमानातून तीन पिढ्यांमागं गेलेले, भुसार मालाचं दुकान. त्यांच्या कोठीत तांदळाच्या गोणीत एक जुनी बंदूक मिळाली. आजोबाची असणार, डुकरं मारायची, गंज चढलेला, पण हुकूम म्हणजे हुकूम. घरात कोण काय बोलेना. बाप बोलेना, सतरा वर्षांचा पोरगा होता सालिम, तो बोलेना, मोठी बहीण मरियम, तिचं लग्न ठरलेलं, ती आतच. एक धाकटी पोर होती, रय्या, आठ वर्षांची. तिला मी बाजूला घेतलं, खिशातली लिमलेटची गोळी दिली, विचारलं बंदूक कोणी लपवली. ती बोलली, दादानं लपवली.

आता तूच सांग. तू मराठी, मी मराठी. दादा म्हणजे कोण? मोठा भाऊ. मी इंग्रजीत लिहिलं, माझ्या भावाने बंदूक लपवली. खाली तिचा अंगठा घेतला. तिचं बोट मीच धरलं, एवढंसं होतं, शाईत बुडवलं, दाबलं. जबाब लिहिला की तो त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि मग अंगठा घ्यायचा असतो, तसा नियमच होता. मी वाचला नाय. मला येत कुठं होतं त्या भाषेत वाचून सांगायला? आणि मागं जीप हॉर्न मारत होती.

सालिमला तीन वर्षांची सजा झाली.

मग चार-पाच महिन्यांनी मामाकडं काज करणारी एक बाई होती, ती एका बाईला घेऊन आली आणि मला बोलली, ही माझी दादा. मी हसलो. बोललो, दादा कशी, दादा म्हणजे भाऊ ना. ती पण हसली, मामा पण हसला, मामा बोलला अरे येड्या, इकडं उलटं आहे, दादा म्हणजे मोठी बहीण. भावाला काका बोलतात. मी मामाकडं बघतच राहिलो. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, तसाच तो हसत होता. आणि त्या भाषेत आला-आली असं काय नसतं बाय, तो आणि ती एकच, नायतर तिथंच मला कळलं असतं.

तेव्हाच जायला पाहिजे होतं साहेबाकडं. नाय गेलो. कच्ची नोकरी, परका माणूस, त्यात आमच्या लोकांना काढायची भाषा चाललेली, मी बोललो सांगितलं तर मला हाकलतील आणि मरियमला आत टाकतील, मग पुण्य काय लागलं? असं मनाला समजावलं. मनाला काय, ते ऐकतं. त्याच वर्षी मरियम तापानं गेली आणि मला, खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं ते मला आजपण खातं.

बारा वर्षं नोकरी केली. चांगली केली, जो तो जबाब दोनदा वाचून दाखवायचो, हाताखालचे लोक कंटाळायचे. मग आमचे दिवस भरले, परत वसईला आलो, लग्न केलं, एका कंपनीत वॉचमनवर सुपरवायझर होतो. ती बंद झाली. कुवेतची लढाई संपली त्यानंतर एका एजंटनं सांगितलं, मस्कतला एका अर्बाबला स्वाहिली बोलणारा माणूस पाहिजे सिक्युरिटीला. अर्बाब म्हणजे मालक. इकडं झांजिबार आणि आफ्रिकेतून परत आलेले ओमानी खूप, घरात तीच भाषा बोलतात. मी बोललो चला, कुठं तरी ती भाषा कामाला आली.

मस्कतमधेच कुरुमला ऑफिस. अर्बाब भला माणूस. माझं स्वाहिली ऐकून लहान पोरासारखा खूश झाला, मला समोर बसवायचा, कावा म्हणजे त्यांची कॉफी पाजायचा, ती भाषा बोलायला त्याला कोण तरी लागायचं. डाव्या कानानं ऐकू येत नसे म्हणून मी उजवीकडं बसायचो. मी सांगितलेलं की आफ्रिकेत मी टायपिस्ट होतो. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एकदा मी सहज विचारलं, अर्बाब, कानाला काय झालं. तो बोलला, तुरुंगात गेला. सतरा वर्षांचा होतो. बंदूक निघाली घरात, मला काय माहीत पण नव्हतं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं माझं नाव घेतलं. कागदावर तिचा अंगठा होता, कोर्टात मी डोळ्यांनी बघितला. आणि आता मेलेल्या बहिणीवर ढकलते, बोलते मी दादा बोलले होते. असं बोलला आणि माझ्या कपात अजून कावा ओतला.

मी तो प्यायलो बाय. काय करणार होतो? अर्धा शर्टावर सांडला, तो बोलला साखर कमी आहे का तुझ्यात, डॉक्टरला दाखव.

आता बघ, कोणाच्या ध्यानात येणार? स्वाहिली बोलणाऱ्या कुठल्या माणसाला स्वप्नात तरी येईल का की कोणी दादाचा अर्थ भाऊ लावेल? ते मराठी माणसालाच जमतं. साऱ्या ओमानात ती गोष्ट उलगडणारा एकच माणूस, तो त्यांच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेला.

आणि रय्या यायची ना. ती बौशरला राहायची, नवरा वारलेला, एक मुलगी. दर ईदला हलव्याचा डबा घेऊन ऑफिसच्या गेटवर यायची, आणि मला ऑर्डर होती, तिला आत सोडायचं नाय. पहिल्यांदा आली तेव्हा मी ओळखलीच नाय, ओळखणार कशी, आठ वर्षांची बघितलेली. तिनं नाव सांगितलं. मी बोललो, बीबी, अर्बाब नाहीत. ती बोलली, आहेत, मला माहीत आहे. डबा मागं घेतला आणि बोलली, काकाला सांग, म्हणजे भावाला, मी दादा बोलले होते. दर ईदला तेच. वर्षाला दोन ईद. केस पांढरे झाले तिचे माझ्यासमोर. इन्शाल्ला सांगतो, असं मी बोलायचो आणि ती जायची, एकदा तर मला बोलली, तू चांगला माणूस आहेस, निदान तू तरी शिव्या देत नाहीस.

सांगायचं तर होतं. पण तोवर माझा रॉकी पण त्याच अर्बाबकडं एसी टेक्निशियन लागलेला, माझा व्हिसा त्याच्याकडं, रॉकीचा त्याच्याकडं, सुनेचा, दोन नातवंडांचा. वय झालं तरी मला ठेवलेलं ते नुसतं बोलायला कोण तरी पाहिजे म्हणून. तोंड उघडलं की सगळं खलास. चर्चमध्ये कुमसार केला, पाप कबूल केलं, फादर बोलले, देव माफ करेल, पण तू त्या बाईला सांग. मी कुमसारला जायचंच सोडलं. बायकोला पण नाय सांगितलं, ती तशीच वसईला वारली. रॉकी विचारायचा, डॅडी ईद आली की तुम्ही जेवत का नाही.

या ईदला रय्या आली नाय. मी दहादा रस्त्यावर जाऊन बघून आलो. दुपारी एक मुलगी गाडीतून उतरली, हातात तोच डबा. बोलली, आई गेली, नऊ दिवस झाले. तिनं सांगून ठेवलं होतं डबा द्यायचा, आणि सांगायचं की मी दादा बोलले होते. मुलीला स्वाहिली नीट येत नव्हतं, पाठ केलेलं वाक्य होतं, अडखळत बोलली. आणि मला बोलली, अंकल, याचा अर्थ काय?

 मी तिच्या हातातून डबा घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतला. तिला बोललो, तू थांब इथं, माझ्या खुर्चीत बस, आणि आत गेलो.

अर्बाबच्या टेबलावर डबा ठेवला. त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे नीट ऐकू जावं. सांगितलं, रय्या गेली. सांगितलं, मी टायपिस्ट नव्हतो. त्याच्या गावाचं नाव सांगितलं, ठाण्याचं सांगितलं, तांदळाची गोणी सांगितली. बोललो, माझ्या भाषेत दादा म्हणजे भाऊ. तिनं मरियमचं नाव सांगितलं, मी तुझं लिहिलं. तिनं कधी तुझं नाव घेतलंच नाय अर्बाब.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोलला, तुझ्या भाषेत काय म्हणतात, परत बोल. मी परत बोललो. त्यानं तीन-चार वेळा बोलायला लावलं, दादा, दादा, दादा, आणि दर वेळेला मान हलवायचा. मग विचारलं, अंगठा कोणी धरला होता? मी हात पुढं केला. तो हाताकडं बघत राहिला. मग बोलला, सोळा वर्षं तू तिला माझ्या दारातून परत पाठवलीस. मी बोललो, हो. त्यानं विचारलं, बाहेर कोण आहे? मी बोललो, तिची मुलगी. तो उठला, डबा उचलला, दरवाज्यात थांबला. बोलला, तुझा व्हिसा उद्या कॅन्सल होईल. रॉकी राहील. एकाच्या जागी दुसऱ्याला शिक्षा द्यायची ते मला जमणार नाय.

काचेतून बघितलं मी. तो त्या मुलीसमोर जमिनीवर बसला, एवढा मोठा अर्बाब, आणि ती माझ्या खुर्चीत, काय करावं ते तिला कळेना. डबा दोघांच्या मधे. आपल्या बहिणीच्या हातचं नाय खाता आलं त्याला, आणि ती माझी करणी. मी मागच्या दारानं निघालो.

रॉकी माझ्याशी बोलत नाय. बोलतो तो कामापुरतं, बॅग भरली का, गोळ्या घेतल्या का. नातवंडं आपसात इंग्रजीतच, पण सुनेनं एवढं शिकवलंय, धाकटी जेनी भावाला दादा बोलते. दिवसभर घरात दादा, दादा. परवा माझा चष्मा मिळेना, ती धावत आली, आजा, दादाने हाइड केला. मी तिला बोललो, बाय, बोट दाखव. कोण दादा ते बोट दाखव. तिनं दाखवलं. तरी मी दोनदा विचारलं, तर ती रडायलाच लागली.

पुढच्या शुक्रवारचं विमान आहे. वसईला आता वाडी नाय, बिल्डिंग आहे, पुतण्याकडं एक खोली मिळेल. देवाकडं काय मागू, माफी मागायची ती जिच्याकडं, ती बौशरला मातीत आहे, आणि मला तिची जागा पण कोण दाखवणार नाय. अर्बाबचं आणि त्या मुलीचं देव भलं करो. तुझं पण करो, एवढं बसून लिहिलंस.

झालं ना लिहून? मग आता वाच. पहिल्यापासून वाच, सावकाश, माझ्या भाषेत. सही नंतर करतो.