शेपटीवरचा हात

सन्माननीय अध्यक्ष मोचिझुकी साहेब, टोकियोहून आलेले पाहुणे, आज निवृत्त होणारे इनागाकी साहेब आणि आपल्या छोट्या मॉडेल-विमानांच्या कारखान्यातल्या बायाबाप्यांनो,

रंगखात्यातर्फे बोलायला मला उभं केलंय. माझी शाळा नववीत सुटली, सजवून बोलणं जमायचं नाही. शिवाय सूप गार होतंय.

इनागाकी साहेबांची कल्पना केवढी मोठी! महायुद्धाच्या शेवटी आपली जी विमानं चाचणीपलीकडे गेलीच नाहीत, ती युद्ध आणखी वर्षभर चालतं तर कुठल्या रंगात उडाली असती, हे त्यांनी तीस वर्षं आपल्या मॉडेलांच्या खोक्यांवर रंगवलं. निळी पोटं, पिवळे पट्टे, विजयाच्या खुणा. खोकी खपली, आपण जेवलो. आभार.

मागच्या वसंतात मी माझ्या आईला त्यांच्याकडे नेलं. त्यांच्या शेवटच्या खोक्यावर जे विमान येणार होतं, ते खरंखुरं विमान तिनं चौदाव्या वर्षी, युद्धात शाळेतून विमानांच्या कारखान्यात धाडलं तेव्हा, स्वतः रंगवलेलं. म्हणाली, "साहेब, रंग पुरायचाच नाही. रंगाखाली अस्तर नाही. पाण्यासारखा पातळ हिरवा, तोही फक्त वरून. बोट लावलं की पापुद्रा निघायचा. शेपटीवर आमच्या वर्गातल्या तोमिएचा हात उमटला, ओल्या रंगात. मुकादमानं झोडलं तिला, पण पुन्हा मारायला रंग कुठला? राहिला तसाच. आठ दिवसांनी बाँब पडले. तोमिएचं काही सापडलं नाही. तेवढा हात चित्रात काढाल?"

साहेब हसले. "आजी, हे कल्पनेतलं विमान. युद्ध चाललं असतं तर रंगही आला असता."

"युद्ध चाललं असतं तर मीही गेले असते. मग ही कार्टी झालीच नसती. हिला कुठल्या रंगात काढाल?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. खोकं पिवळ्या पट्ट्यांत निघालं.

आई हिवाळ्यात गेली. शेवटी विचारत होती, "आला का गं हात?" मी म्हटलं, "आला." काय सांगणार होते?

निवृत्त होणाऱ्याला त्याच्या शेवटच्या खोक्यातलं विमान, झाकणावरच्याच रंगात करून द्यायचं, ही आपली रीत. ते काम माझ्याकडे होतं. अध्यक्ष साहेब, मी रीत मोडली. उघडा, बघा. पातळ हिरवं, पोट उघड्या पत्र्याचं, शेपटीवर पोरीचा हात. तीन केसांचा कुंचला लागला. पाचही बोटं आहेत.

इनागाकी साहेब, काचेच्या कपाटात ठेवाल, धूळ बसेल. फडकं लावू नका. अस्तर मारलेलं नाही, हात निघून जाईल.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. विमानात काही कमीजास्त नाही.