मेढीचा खड्डा

—आधी नीट बघ, मग बस. आणि ते घमेलं तिकडे सावलीत ठेव, माल कालवायची घाई नको, सिमेंटचं पोतं अजून मी आतून काढलेलं नाही. बघितलंस? तुझंच काम ना हे, काळूराम? दोन वर्षांपूर्वी तूच केलंस हे अंगण— एक चीर नव्हती याला. मी लोकांना बोलावून दाखवायचो, की बघा, गवंडी असावा तर असा, कुठेही तांब्याभर पाणी ओता, मध्ये न थांबता सरळ गटाराकडे जातं. आणि आता मधोमध हा खड्डा. खड्ड्यात हा उंबराचा दांडा, त्याला आंब्याचा टहाळा बांधलाय, हळद फासलीय, खाली सुपारी टाकलीय. मेढ आहे म्हणे. मांडवाची मेढ. अरे, मला ठाऊक आहे मेढ म्हणजे काय, मी काय विलायतेत वाढलो? पण मेढ मातीत रोवायची असते, का दुसऱ्याच्या सिमेंटमध्ये? तर हे उपटायचं, खड्डा भरायचा आणि वरून घोटून असा गुळगुळीत करायचा की इथे काही होतं हे कळता कामा नये. एवढंच काम. बस आता. पायरीवर बस, तिथे ऊन येत नाही.

कोणी फोडलं म्हणून विचारतोस? तीन नंबरवाल्यानं. सावळाराम. पडघ्याच्या बाजूचा कुणबी, निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर आहे, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रात्रीची. माणूस गरीब आहे म्हणून दिली खोली— तसा मी सगळ्यांनाच माणूस गरीब आहे म्हणून दिली. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, काळूराम, घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं या हातानं लिहून काढली, मालकाच्या बाजूनं किती आणि भाडेकरूच्या बाजूनं किती, आणि एवढं सगळं वाचून शहाणा झालेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो, तर फंडाचे पैसे घालून चार खोल्यांची चाळ बांधतो. हसू नकोस. मला वाटलं, आपण करार असा करू की कोणाला हलता येणार नाही. अकरा महिन्यांचा करार, अकरा महिने झाले की नमस्कार. कलमं मी स्वतः घातली, वकिलाला हात लावू दिला नाही. आणि मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत सरकारनं कायदाच असा फिरवला, की जो जिथे बसलाय तो तिथलाच भाडेकरू. झालं. माझी सगळी कलमं लोणच्याच्या बरणीवर बांधायच्या लायकीची. चारही खोल्यांतली माणसं त्या दिवशी झोपेत होती नाहीतर लूमवर होती, त्यांना पत्ताही नाही की सरकारनं त्यांना काय देऊन टाकलं. मला मात्र पत्ता. वाचता येण्याचे हे तोटे.

आता एक नंबरची खोली घे. चार माणसं राहतील असं ठरलं. युपीकडची मंडळी आहेत, अदबशीर, येता-जाता सलाम. मी सकाळी डोकावलो तर चार माणसं झोपलेली. दुपारी डोकावलो, चार. रात्री, चार. मी खूश. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दर वेळी चेहरे वेगळे आहेत. एक उठून ड्युटीवर जायचा, त्याच्याच गरम अंथरुणावर ड्युटीवरून आलेला दुसरा आडवा व्हायचा. मी जाब विचारला, तर त्यांच्यातला म्हातारा म्हणतो, "साहब, गिन लीजिए, चार ही तो हैं." मोजले तर चारच होते. पण संडासाला काय ते शिफ्टनं जात नाहीत ना, संडास सगळ्या बाराजणांचा हिशेब ठेवतो. भंगी दोनदा सोडून गेला. मग भिंतींना खिळे. मी सांगितलं, नवा गिलावा आहे, खिळा ठोकायचा नाही, तर चार नंबरची बाई म्हणते, मग देव कुठे टांगू? देव. सगळ्यांना देव माझ्याच भिंतीत ठोकायचा असतो आणि माझ्याच अंगणात रोवायचा असतो.

पाणी पितोस? बरं.

तर हा सावळाराम. मुलीचं लग्न काढलं, तुळजाचं. पोरगी चांगली आहे, आमच्या हिच्या हाताखाली शिवण शिकली. सावळाराम आला, दाराबाहेर उभा, टोपी हातात, म्हणाला भाऊसायेब, मांडव दारात घालायचा हाय, मेढीपुरता एक खड्डा मारू का, मग बुजवून देतो. मी म्हटलं, लेखी अर्ज कर. तुला हसू येतंय, पण एकदा तोंडी हो म्हटलं की उद्या चौघंही चार खड्डे मारतील. त्यानं कोणाकडून तरी अर्ज लिहून आणला, खाली अंगठा. मी शेरा मारला— नामंजूर. पण आडमुठेपणा नाही केला, पर्याय सुचवला. म्हटलं, डालड्याच्या मोठ्या डब्यात वाळू भर आणि त्यात मेढ उभी कर, मुंबईत मोठमोठी माणसं हॉलमध्ये असंच करतात. तर त्याची बायको, ती ठमाबाई, आतून म्हणते, "देव डब्यात ऱ्हातो व्हय भाऊसायेब? आनि माजी पोर डब्यातनं सासरी धाडू?" असं बोलतात हे लोक. मालकाशी.

म्हणून आता मला सांग, मी चुकलो कुठे? कायद्यानं अंगण सामाईक असलं तरी फरशी माझी. परवा मी पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेलो, कशेळीला पुलावर ट्रकांनी वाट अडवली, यायला संध्याकाळ झाली— आणि येऊन बघतो तर हे. सिमेंटची ढेकळं बाजूला, मेढ उभी, बायका भोवती. मी सावळारामला असा बोललो, असा बोललो की बस. पोलिसात देतो म्हटलं, खोली खाली कर म्हटलं, कायदा-बियदा गेला खड्ड्यात म्हटलं. तो मान खाली घालून उभा. मला वाटलं, चोर आहे म्हणून ऐकून घेतोय. चुकलं म्हणाला, भरून देतो म्हणाला. अरे, न केलेल्या गोष्टीचं कोणी भरून देतो म्हणतं का—

काही नाही. पुढचं ऐक.

नाही, न केलेल्या म्हणजे... तू बघ ना जरा कडेला. हे घाव बघ. हा इथे, हा इथे, हा पार तिकडे वीतभर लांब. पहार धरलेल्या माणसाचे घाव आहेत का हे? सावळाराम अशा दोन टोल्यांत फोडेल. हे ज्यानं मारलेत त्याला पहार उचलता येत नव्हती, दर टोल्याला हात फिरत होता, मनगटात बांगड्या— हो. बांगड्या. ऐकलंस ते ऐकलंस. पहिला घाव आमच्या घरातून पडला. पहार आमची, खाटेखाली होती ती. मी सावळारामला शिव्या घालतोय आणि ही बाहेर आली, सगळ्या चाळीदेखत, आणि म्हणाली, "त्याला काय बोलता? मी फोडलंय." चोपन्न वर्षांची बाई. गुडघे दुखतात म्हणून देवघरात पाटावर बसत नाही. ती पहार घेऊन उन्हात उभी राहिली आणि सावळाराम नको नको म्हणत असताना हिनं माझी फरशी फोडली. मग पुढचं त्यानं केलं, करणार नाहीतर काय, त्यांच्या आक्काच्या, म्हणजे हिच्याच, पायावर पहार पडली असती.

आणि जागा बघ. अंगणात चार कोपरे आहेत, बाजूला केळीखाली माती आहे— तिथे नाही. बरोबर इथेच. इथेच का? मी विचारलं नाही, हिनंच सांगितलं. म्हणाली, ही जागा मी धरून ठेवली होती.

तू असा बघू नकोस माझ्याकडे. तुला काय वाटतं ते मला माहीत आहे. तू तेव्हाही असाच बघत होतास, खोरं हातात धरून. म्हणालास, भाऊसाहेब, घरात लग्न निघालंय म्हणतात ना, मग अंगण मांडव उठल्यावर करू. आणि मी म्हटलं, लग्नबिग्न काही नाही, कर तू. मग आता काय, त्या वेळचं काढायचं? चाळीच्या परमिटातली पोती उरली होती, पावसाळा तोंडावर, आठ दिवसांत पोत्यांचा दगड झाला असता. एवढंच कारण. सिमेंट काय मिळत होतं तेव्हा? परमिटासाठी मी सहा महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. आमच्या शरयूचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती आपली टेलिफोनमध्ये लागली, तिथला कोणी पसंत केला, मुलगा आपल्यातला नाही, म्हणाली बाबा लग्न इथेच दारात करा, तो तयार आहे, त्याचे आईवडील यायला तयार आहेत. मी म्हटलं, माझ्या दारात मेढ लागणार नाही. असं मी म्हटलं, बरोबर आहे, नाकारत नाही. बाप आहे मी, मला म्हणायचा अधिकार आहे. पण अंगण त्यासाठी केलं नाही. अंगण पावसासाठी केलं. लोकांनी त्याचा संबंध जोडला त्याला मी काय करू? ठाण्यात सही करून लग्न केलं तिनं, दोन हार, चहा, संपलं. ही गेली नाही. मीच जाऊ दिलं नाही. म्हणजे— गेली नाही.

त्या दिवशी तू घोटत होतास ना, गुडघ्यावर बसून, मागे मागे सरकत? ही दारात उभी होती. मला म्हणाली, इथून आता मला पलीकडे जाता येणार नाही का? मी म्हटलं, ओलं आहे, दोन दिवस पाय टाकू नकोस. तेवढंच बोलणं झालं आमचं त्यावर. मला वाटलं विषय मिटला. दोन वर्षं बाईनं तोंडातून ब्र काढला नाही. महिन्यातून एकदा ठाण्याला देवीला जाते म्हणून जायची, येताना प्रसाद आणायची नाही, मी विचारायचो नाही. छान चाललं होतं. आणि आता बघ. परवापासून ती तीन नंबरमध्ये आहे. माझ्या चाळीत, माझ्या भाडेकरूच्या खोलीत, माझी बायको. ट्रंक घेऊन. कायद्यात याला काय म्हणतात, सांग? पोटभाडेकरू? मी सगळी कलमं घातली होती करारात, बायको तिथे राहायला जाईल असं कलम घालायचं सुचलं नाही. चहा येतो मला तिकडून. ठमाबाई कपबशी पायरीवर ठेवते, "आक्कानं दिलाय" म्हणते आणि जाते. जेवणही येतं. मी जेवतो. उपाशी राहून कोणाला दाखवू?

आणि काल निरोप पाठवला. काय निरोप? तोच की— मेढ हलली, तर मी शरयूकडे जाते, आणि मग परत येत नाही. तुळजाच्या हातून पाठवला. उद्या जिची हळद आहे त्या पोरीच्या हातून. पोरीच्या डोळ्यांत पाणी, मला म्हणते, "भाऊसायेब, मंग आमी डब्यात लावू, पन आक्काला जाऊ देऊ नका." म्हणजे बघ, डब्याला आता तेही तयार. सावळाराम तयार, ठमाबाई तयार. तयार नाही ती एकच. माझं म्हणणं, जायचंय तर जा. मी तिला अडवणार नाही. पस्तीस वर्षं झाली म्हणून काय झालं, पहार माझी, फरशी माझी, म्हणून तर मी तुला सकाळी निरोप धाडला, की थापी-घमेलं घेऊन ये, आजच्या आज भरून टाकू. कोणाच्या धमकीला मी—

हो, हो, उठतोस काय? उपटतोस? थांब.

मी भर म्हटलं, बरोबर आहे, पण मी अजून पोतं बाहेर काढलंय का? नाही ना? मग. हात नको लावूस त्याला. हात लावू नको म्हणतो ना, हळद लागेल तुझ्या हाताला, आणि एकदा लग्न उरकलं की— सोड. बाजूला हो.

एक मिनिट.

ऐकू येतंय तुला? तीन नंबरमधून. बायका लग्नाचे धवळे म्हणायला बसल्या. आज लूमवाल्यांनी सुट्टी घेतलीय म्हणून ऐकू तरी येतंय, नाहीतर खटखटाटात काही कळत नाही. ती ठमाबाई सांगतेय, बाकीच्या मागून म्हणतायत. ठमाबाईचा आवाज घोगरा आहे, तो नाही, तो नाही, त्याच्या मागचा ऐक. तो बारीक. तो जो शेवट ओढून धरतोय. तो—

घरात कधी म्हटलं नाही तिनं. पस्तीस वर्षांत. तिला येतं हे कुठून?

तू जा, काळूराम. घमेलं उचल. नाही, पुढून नको, त्या बाहेर येतील आता मेढीला पाणी घालायला, मागच्या बाजूनं जा, संडासावरून. आणि हे बघ, कोणी विचारलं तर मी तुला संडासाची फरशी बघायला बोलावलं होतं. बाकी कशालाही नाही. तिनं विचारलं तरी. तिनं विचारलं तर जास्तच ठासून सांग. कळलं? जा आता, असा उभा काय राहतोस, आल्या त्या, दार वाजलं.