नळीचं तोंड

गच्चीवर नळी ठिबकते म्हणून शिक्षिकाबाईंच्या यजमानांनी काल तिच्यात चिंधी कोंबली होती. आता पक्कं बूच घ्यायला बाई हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे दोघी नणंद-भावजया बोलत होत्या.

"वहिनी, गरम पाण्याच्या टाकीची ती उघडी नळी दादा बुजवणार होता ना?"

"रोज तेच टुमणं. भिंत खराब होते म्हणे. मी म्हटलं, तिला तोंड दिलंय तर राहू दे उघडं. तुमचं कुठे बंद असतं?"

"मग?"

"परवा बाहेरगावाहून आलो. टाकीचं बटण आपोआप बंद व्हायला हवं, ते झालंच नव्हतं. दिवसभर पाणी उकळत होतं."

"बाई गं."

"गच्चीवर जाऊन बघतो तर नळीतून वाफेचा लोट. एखाद्या अजस्र जनावराने उसासे टाकावेत तसा. मधूनच कढत पाणी उसळायचं. आणि खाली माळ्यावर टाकी आपली जागच्या जागी."

"नाहीतर गं?"

"नाहीतर छप्परच उडालं असतं. एवढीशी अंगठ्याएवढी नळी, सगळं घर सावरून उभी होती."

"दादा काय म्हणाला?"

"काही नाही. वर बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा यांचं तोंड बंद."

"बाई, कुठल्या मापाचं बूच देऊ?" रांग पुढे सरकताच दुकानदाराने शिक्षिकाबाईंना विचारलं.

त्यांच्या कानाला फोन होता.

"अहो, आपल्या गरम पाण्याच्या टाकीचं बटण बंद करा. का ते घरी येऊन सांगते. आधी उठा."