फाटक्या पुस्तकांची यादी

मंडळी, आज कीर्तनात एक साधा प्रश्न घ्या. जे आपण स्वतः चाखून पाहिलं नाही, ते लेकराच्या पानात वाढावं का? नाही म्हणताय? इतक्या घाईनं म्हणू नका. आधी कुमुदबाईंची गोष्ट ऐका.

कुमुद वाघधरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या तिसरीच्या बाई. सकाळीच केंद्रप्रमुख जुनघरे साहेबांचा फोन आला. "मॅडम, तिसरी-चौथीच्या मुलांनी वाचावीत अशी पुस्तकं सुचवा. यंदा बावीस शाळांसाठी तुमच्याच यादीतली घेणार. चारपर्यंत द्या."

बाईंनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात कोरी पुस्तकं – शिस्तीवर, स्वच्छतेवर, वेळेच्या महत्त्वावर. बाई नावं उतरवू लागल्या. उघडलं एकही नाही हो. मागच्या बाजूला 'संस्कारक्षम' असं छापलेलं असताना उघडायचं कशाला? तुम्ही तरी जावई निवडताना बायोडाटाच्या आत कुठं गेला होतात?

खालच्या कप्प्यात सात फाटकी पुस्तकं होती. ती त्यांनी जमिनीवर काढली, निर्लेखनाला. म्हणजे नोंदवहीतला आकडा कमी करायचा आणि पुस्तक रद्दीत. एका दुपारी दोन कामं!

तेवढ्यात ईश्वरी लोणे आत आली. हिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनीच लिहिलं होतं – वाचनात मागे. पोरगी जमिनीवरचा ढीग बघून तिथंच थबकली.

"बाई, हे नका ना देऊ."

"का गं? कव्हरसुद्धा नाही त्याला."

"ह्यात म्हैस तळ्यातून बाहेरच येत नाही."

"पाठ केलंयस होय?" बाईंनी मधलंच पान उघडून पुढं धरलं. ईश्वरीनं घडघडा वाचलं. दुसरं पान उघडलं, तेही वाचलं. बाईंनी वरच्या कप्प्याकडे बोट केलं. "आणि ही इतकी छान पुस्तकं? ही का नाही वाचत?"

"ती तुमची आहेत ना, बाई. साहेब येतात तेव्हा मांडायची."

बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, परत बसल्या. साडेतीन झाले होते. यादीतलं पहिलं पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर त्यांनाच जांभई आली. दुसरं उघडलं, तीच गत. बावीस शाळांची लेकरं हे गिळणार, आणि वाढणार कोण? आपण. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. फोन वाजला.

"मॅडम, झाली का यादी?"

"साहेब, वाचून देते."

"वाचून? अहो, यादी मागितलीय."

मग बाईंनी ती फाटकी सात भराभर वाचून काढली. चारला पाच कमी असताना यादी फाडली आणि नवी लिहिली. एक – म्हैस तळ्यातून बाहेर येत नाही ते. दोन – आजोबांची कवळी माकड नेतं ते. अशी सात. फोटो काढून पाठवली.

मिनिटभरात फोन. "मॅडम, ही काय यादी झाली? पुस्तकाचं नाव? प्रकाशक?"

"ती पानं मुलांनी वाचून वाचून संपवलीत, साहेब."

"आजवर बाकीच्या शाळांनी कशा व्यवस्थित याद्या दिल्या."

"त्यांची पुस्तकं कोरी असतील."

आता नोटीस येणार, बाईंना वाटलं. मग साहेब हळूच म्हणाले, "ती म्हैस... शेवटी येते का बाहेर?"

"शेवटचं पान नाहीये. पण ईश्वरी सांगते. ती रोज वेगळा शेवट सांगते."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, नावं शोधायला म्हणून. सतरंजीवर मुलांत बसले. ईश्वरीचा शेवट त्यांना पटला नाही, त्यावर पोरांशी वाद घातला. जाताना यादीवर शेरा मारला – 'नावे शोधून हीच खरेदी करावी.' आणि फाटकी सात रद्दीत गेली नाहीत. बाईंनी ती चिकटपट्टी लावून वरच्या कप्प्यात ठेवली.

हसलात. हसा. आता मला सांगा, नातवाच्या वाढदिवसाला तुम्ही पुस्तक दिलंत, आत झोकदार अक्षरात 'आशीर्वादासह' लिहिलंत. त्याच्या पुढचं पान कोणी उलटलं होतं? हात वर करा.

...हे बघा, आमच्या टाळकरी बुवांनी टाळ खाली ठेवलेत. कोणाचा तरी हात वर येईपर्यंत गजर होणार नाही.