सप्टेंबरांच्या पोरी

(केप टाउन. ॲथलोन वस्तीतलं सप्टेंबर कुटुंबाचं स्वयंपाकघर. नातीच्या लग्नाची सकाळ.)

रोझेल्डा : मान सरळ ठेव गं, लॅव्होना. नवरी आहेस की मासोळी?

लॅव्होना : आजी, सांगून थकले. डोक्याला तो मोजा नको. आहेत तसे केस घेऊन मी चर्चमध्ये जाणार.

रोझेल्डा : या घरातली प्रत्येक नवरी लांब मोज्यात केस घट्ट गुंडाळून झोपली आणि सकाळी रेशमासारखे सरळ केस घेऊन उठली. तुझी आईसुद्धा. रात्री ऐकलं नाहीस, आता तासभर तरी बांधू दे.

लॅव्होना : कुणासाठी? डेन्झिलनं हे कुरळे केस बघूनच मागणी घातली.

रोझेल्डा : डेन्झिल प्रेमात आंधळा. फोटो आंधळे नसतात.

लॅव्होना : आजी, दारात कुणी गोऱ्या बाई उभ्या आहेत. टोपीबिपी घालून.

रोझेल्डा : गोरी कुठली! नाक बघ, नाक. आमच्या आईचं आहे ते. ये डोरी, आत ये. दार तेव्हाही उघडंच होतं.

डोरी : ओळखलंस, रोझ?

रोझेल्डा : ओळखायचं काम माझ्याकडे. विसरायचं तुझ्याकडे.

लॅव्होना : म्हणजे भिंतीवरच्या फोटोतली तुझी धाकटी बहीण? तू तर म्हणायचीस, ती परगावी असते.

रोझेल्डा : परगावच ते. डोंगरापलीकडे, गोऱ्यांच्या वस्तीत. इथून एक बस जाते.

डोरी : लग्नाचं कळलं, राहवलं नाही. मागच्या बाकावर बसेन आणि जाईन. फक्त एक कर, रोझ. माझा मुलगा गॉर्डन बाहेर गाडीत बसलाय. त्याला सांगितलंय, जुन्या शेजारणीकडे लग्न आहे. कुणी विचारलंच तर...

रोझेल्डा : तर तू माझी शेजारीण?

डोरी : त्याला काही माहीत नाही. त्याचे वडीलसुद्धा माहीत नसतानाच गेले.

लॅव्होना : पण एका आईच्या दोन मुली, आणि दोघींचे वंश वेगळे? हे झालं कसं?

रोझेल्डा : सरकारी साहेब हुशार होता ना! वर्णभेदाच्या कायद्यानं वंश ठरवायला केसांत पेन्सिल खोचायची आणि मान खाली घालायला लावायची. पडली तर गोरे, अडकली तर आम्ही कलर्ड, म्हणजे मिश्र रक्ताचे. माझ्या केसांत अशी रुतली की साहेबालाच ओढून काढावी लागली.

डोरी : माझी पडली.

रोझेल्डा : पडणारच! आदल्या रात्री मोजा मीच बांधला होता, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तुला टेलिफोनच्या कचेरीत नोकरी हवी होती, ती गोऱ्यांनाच मिळायची. म्हटलं, एकीचं तरी भलं होऊ दे. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण डोरे, मी तुझे केस सरळ केले होते. नजर फिरवायला नव्हतं सांगितलं.

डोरी : तू चपलांच्या दुकानातलं म्हणतेस.

रोझेल्डा : आईनं हाक मारली, आणि तू पोराचा हात धरून चालू लागलीस. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘पोर गुटगुटीत आहे हो तिचं.’ बस, एवढंच.

डोरी : मला काय सुखाची झोप लागली असं वाटतं तुला? रोज सकाळी स्वतःच्याच केसांना भ्यायचं. ओल लागली की ते पुन्हा वळतात, म्हणून धुकं उतरलं की डोक्याला रुमाल. गॉर्डन लहान असताना समुद्रातून हाका मारायचा, ‘आई, ये ना!’ मी वाळूत बसून हात हलवायची. डोकं कधी बुडवलं नाही.

रोझेल्डा : आणि आम्हाला तो किनाराच बंद होता. काय नशीब बघ! तुला किनारा मिळाला, पाणी नाही.

लॅव्होना : आजी, मग हा मोजा अजून कुणासाठी गं? साहेब गेला, पेन्सिल गेली, कायदाही गेला.

रोझेल्डा : ...खरंच की. साहेब केव्हाच गेला आणि मी मेली अजून त्याच्यासाठी पोरींची डोकी आवळतेय! टाक तो मोजा कचऱ्यात. असेच जाऊ देत तुझे केस, ताठ मानेनं.

डोरी : मी निघते, रोझ.

रोझेल्डा : थांब. ऐकून जा. आपला खापरपणजोबा गुलाम म्हणून जहाजातून उतरला, तेव्हा मालकाला त्याचं नाव विचारायचेही कष्ट नकोत. महिना सप्टेंबर, म्हणून हा सप्टेंबर! त्याच नावानं आपल्या माणसांनी या गावात घरं बांधली, आज चर्चमध्ये वाजणार ती घंटासुद्धा आपल्याच काकांनी चढवली. आपल्यात बंगालचे गुलाम आहेत, इथले मूळचे रहिवासी खोई आहेत, जहाजावरून पळालेला एक जर्मनही आहे. एवढी माणसं साहेबाच्या कागदावरच्या एका खणात मावली नाहीत, तो दोष त्याच्या खणाचा. बसायचं तर पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी, बहीण म्हणून. शेजारणी भिंतीपलीकडे राहतात.

डोरी : आणि गॉर्डननं मला आई म्हणणं सोडलं तर?

रोझेल्डा : आईनं तुला लेक म्हणणं सोडलं होतं?

डोरी : ...लॅव्होना, ही टोपी धर जरा.

रोझेल्डा : अगं, अगं! नळाखाली डोकं काय घालतेस? चर्चला जायचंय!

डोरी : ताई, टाळूपर्यंत गेलं गं पाणी.

लॅव्होना : आजी, बघ ना! कानापाशी वळायला लागलेसुद्धा. अगदी माझ्यासारखे!

रोझेल्डा : तुझ्यासारखे नाही, आमच्या आईसारखे. घे टॉवेल. आणि हा कूसिस्टर खा, पाक अजून गरम आहे. तोंड गोड कर, मग सावकाश काय ते बोल त्याच्याशी.

डोरी : नको, आधी बोलते. नाहीतर परत धीर जाईल. खिडकी उघड, पोरी. गॉर्डन! गाडी बंद कर आणि आत ये. तुझी मावशी वाट बघतेय.