काकूंचं कुंकू

माझ्या लेकीच्या, सुमीच्या, पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही, म्हणून मला झोप नव्हती. आमचे हे मँचेस्टरला गिरणीकाम शिकायला गेले, तेव्हा तिथेच पूर्वी बेपत्ता झालेल्या आपल्या काकांचा माग त्यांनी गिरण्यांत, खाणावळींत विचारत काढला. अमडापूरला परतल्यावर मला हळूच म्हणाले, "काका केव्हाच वारले. कबर पाहून आलो." इकडे काकू रोज कुंकू लावत होत्या. त्यांना सांगायचं कुणी? आणि सुमीने सगळं ऐकलेलं.

सकाळी तिला बाजूला घेतलं. "मोठ्या आजीले काही सांगू नको हं."

"मी तं कालच सांगतलं."

"मग? रडल्या का त्या?"

"नाई. म्हणे, मले माहीत हाय. पण तुह्या मायले बोलू नको, नाईतं ते मले कुंकू लावू देनार नाई."