एका काचेवर दोन उवा

धोंडुबाई : खुराड्यातनं काढल्यात बघ चारी कोंबड्या. कागलचा पावणा आला की दे त्याच्या हातात. तुझ्या मोनाच्या डोसक्यात उवा झाल्या, तवा कोंबड्या घालवा म्हणून काल तूच म्हणालीस न्हवं?

अस्मिता : म्हणाले खरी. पण आत्ती, आधी या भिंगातून बघा. डावीकडची ऊ मोनाच्या डोक्यातली, उजवीकडची तुमच्या तांबडीच्या पिसातली.

धोंडुबाई : कॉलेजात पोरांस्नी शिकवतीस ते पुरं की. आता सासूलाबी धडा? आगं, ह्या डावीकडच्या उवंच्या पायाला आकडं हाईत का काय?

अस्मिता : आकडेच. एकेका आकड्यात आपला केस बरोब्बर मावतो. डोक्यावरून पाणी ओतलं तरी सुटत नाही. तोंड सुईसारखं, रक्तच पिते.

धोंडुबाई : सोनारानं घडवल्यागत हाय की. आन् ही पिवळी? हिचं डोसकं केवढं रुंद.

अस्मिता : हिला सुई नाही, जबडे आहेत. पिसं नि कोंडा खाऊन राहते. मी सकाळपासून बघत बसलेय, सोडवतच नाही. पण ही चुकून माणसावर चढली तरी टिकत नाही, आत्ती. मोनाच्या डोक्यात एकही असली नव्हती. मी उगाच कोंबड्यांवर आळ घेतला.

धोंडुबाई : असं व्हय.

अस्मिता : पावण्यांना फोन करून नको सांगते. आणि उद्या शाळेत जाऊन बाईंना विचारते, कुठल्या पोरीकडून आल्या ते.

धोंडुबाई : शाळेत जाऊ नगंस.

अस्मिता : का?

धोंडुबाई : नात कुणाच्या कुशीत झोपती रोज?

अस्मिता : आत्ती...

धोंडुबाई : दिवाळीपास्नं डोसकं खाजतंय माझं. खांदा आखडलाय, हात वर जात न्हाय. फणी कशी फिरवू? तुला सांगायची लाज वाटली. म्हणून गप बसलो. कोंबड्या गेल्या तर जाऊ देत म्हटलं.

अस्मिता : तांबडीसुद्धा? पिल्लू असल्यापासून वाढवलीय तुम्ही.

धोंडुबाई : तीबी. तिचं बरं हाय बघ. राखंत लोळती, आपलं अंग आपण झाडती. माणसाच्या डोसक्याला दुसऱ्याचं हात लागत्यात.

(अस्मिता भिंग बाजूला ठेवते, कोनाड्यातली फणी घेते.)

अस्मिता : पदर खाली घ्या. आणि जरा उजेडाकडं तोंड करा, आत्ती.